कूकम, कोकम आणि माझी तथाकथित समाजसेवा

परवा गूसची, म्हणजे रानहंसाची, पिसं उपटतानाचा माझा फोटो टाकला आणि खाली कॉमेंटांचा नुसता पाऊस. "अभिमान वाटतो गं", "आदिवासींसाठी एवढं करतेस", एका काकांनी तर थेट हेमलकशापर्यंत नेऊन पोचवलं. आईने फोन करून एवढंच विचारलं, "सरस्वतीचं वाहन खाल्लंस?" या सगळ्यांत आईचाच प्रश्न मला धड वाटला. हो, खाल्लं. विस्तवासमोर सुतळीला उलटा टांगतात, अधूनमधून पीळ देतात, तो गरगरत सावकाश भाजतो आणि खाली ठेवलेल्या भांड्यात चरबी टपटपत राहते. त्या चरबीत बुडवून बॅनक, म्हणजे आपल्या जाड भाकरीसारखी कॅनडातल्या क्री आदिवासींची रोटी. पुढच्या जन्मी सरस्वती काय करायचं ते करेल.

बाकीच्यांसाठी मात्र जरा सविस्तर लिहायला हवं.

जानेवारी ते जून मी कॅनडात, जेम्स बे या उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका क्री गावातल्या शाळेत स्वयंसेवक होते. गावाचं नाव लिहीत नाही. गाव एवढंसं आहे आणि पोरं लहान आहेत. टोरोंटोहून बसने कॉक्रेन, तिथून पोलर बेअर एक्स्प्रेसने पाचेक तासांत मूसोनी. मूसोनीला मोटारीचा रस्ता पोचतच नाही, आणि रूळही तिथेच संपतात. पुढे छोटं विमान. ऐन हिवाळ्यात नद्या आणि दलदल गोठली की त्यांवरून काही आठवडे बर्फाचा रस्ता चालतो, तेवढ्यात जड सामान ट्रकने आणून घ्यायचं. दुकानातल्या एका फ्लॉवरच्या पैशांत टोरोंटोत तीन आले असते. मी पहिल्या महिन्यात भाजी हा विषयच डोक्यातून काढून टाकला.

काम काय होतं? सकाळी नाश्ता वाढणं, शाळा सुटल्यावर मुलांना वाचायला बसवणं. आणि महिन्याभरात एका वर्गावर चक्क शिक्षिका म्हणून उभं राहणं, कारण त्या वर्गाचे सर नाताळच्या सुट्टीत दक्षिणेला गेले ते परतलेच नाहीत. माझं शिक्षणशास्त्राशी नातं शून्य. आपल्या मुलांच्या शाळेत असं कुणी वर्गावर उभं राहिलं असतं तर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं असतं, विचार करा. तिथे मात्र सगळे मला 'थँक यू' म्हणत होते. मला राहायला शिक्षकांच्या क्वार्टरमध्ये स्वतंत्र खोली, हीटर, वायफाय. माझ्या वर्गातला एक मुलगा दोन खोल्यांत अकरा जणांबरोबर झोपायचा. यातली सेवा नेमकी कुणी कुणाची केली?

माझं म्हणणं इथे आहे. १९०५ साली याच भागात, फोर्ट अल्बनीला, मूस फॅक्टरीला, सरकार आणि आदिवासी यांच्यातल्या जमिनीच्या करारावर, करार क्रमांक ९ वर, सह्या झाल्या. त्या कागदात राजेसाहेबांच्या वतीने लिहिलंय की मुलांसाठी शिक्षकांचा पगार आणि शाळेची इमारत सरकार देईल. पुढे एक शेपूट आहे: सरकारला योग्य वाटेल तसं. गेली शंभर-सव्वाशे वर्षं सगळा खेळ त्या शेपटावर चाललाय. म्हणजे शाळा हे दान नाही, जमिनीच्या बदल्यात ठरलेली गोष्ट आहे. ठरलेली गोष्ट दिली नाही की भोक पडतं, आणि त्या भोकात माझ्यासारखी बिनपगारी, हौशी, सहा महिन्यांची पोर बसवतात. वर तिचं कौतुक.

याच किनाऱ्यावरच्या अटावापिस्काट या क्री गावाचंच बघा. तिथल्या शाळेखाली १९७९ मध्ये डिझेल झिरपलं. शाळा बंद झाली २०००मध्ये. मग मुलं वर्षानुवर्षं पोर्टेबल खोल्यांत, एका वर्गातून दुसऱ्यात जायला उणे चाळीसमध्ये बाहेर. २००८मध्ये शॅनन कूस्टाचिन नावाची आठवीतली मुलगी राजधानी ओटावाला जाऊन मंत्र्यांना भेटली. पैसे नाहीत, असं उत्तर मिळालं. त्याच वर्षी त्या गावापासून नव्वदेक किलोमीटरवर हिऱ्यांची खाण सुरू झाली, हेही जाता जाता लक्षात ठेवा. शॅनन शिकण्यासाठी घरापासून शेकडो किलोमीटर लांब राहिली आणि २०१०मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेली, पंधराव्या वर्षी. शाळा उघडली २०१४मध्ये. ती मिळवली मुलांनी, पत्रं लिहून लिहून.

आता कूकम. आजीला तिकडे सगळे कूकम म्हणतात. पहिल्या दिवशी मला आमसूलच आठवलं आणि हसू आलं. मी तिथल्या एका कूकमना सोलकढीचं सांगितलं, त्यांनी मान डोलावली, तोंडावरून काही पटलेलं दिसलं नाही. एप्रिलअखेर गूस आले की शाळेला सुट्टी, सगळं गाव कॅम्पवर. कूकम माझ्या हातात पक्षी देऊन म्हणाल्या, छातीपासून सुरू कर, कातडी फाडू नकोस. मी फाडली. दुसराही फाडला. त्या काही बोलल्या नाहीत, तिसरा आणून ठेवला. त्यांच्या पिढीच्या मुलांना फोर्ट अल्बनीच्या सेंट ॲन्स निवासी शाळेत नेऊन ठेवायचे, क्री बोललं की मार. तिथे विजेची खुर्ची होती, हे पुढे पोलीस तपासात लेकरांनीच, मोठी झाल्यावर, सांगितलं. त्याबद्दल कूकम माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. एवढी अक्कल तरी होती.

आणि लिपी! क्रीची स्वतःची लिपी आहे: एकच आकार फिरवायचा आणि स्वर बदलतो. इंग्रजी V सारख्या कोनाचं टोक वर म्हणजे पि, खाली म्हणजे पे, उजवीकडे पो, डावीकडे प. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४०च्या सुमारास नॉर्वे हाउसला ती छापली. त्याच्यापुढे लघुलिपीबरोबर आपली देवनागरीही होती, असं अभ्यासक मानतात. क्री लोकांत वेगळी कथा आहे, लिपी आत्म्यांच्या जगातून एका माणसाला मिळाली अशी. मी फळ्यावर प, पि, पे, पो लिहून दाखवलं. नऊ वर्षांचा एक नग बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तुमचं अक्षर जागचं हलतच नाही. नुसते दागिने घालतं." तेव्हापासून मात्रा काढताना मला तेच दिसतं.

इनबॉक्समध्ये "मलाही जायचंय, अर्ज कुठे करू" म्हणून आठ जणांनी विचारलंय. शिक्षकाची पदवी असेल तर पगारी जागेसाठी अर्ज करा आणि दोन वर्षं तरी टिका. पदवी नसेल आणि जायचंच असेल, तर निघताना बॅगेत कांदे भरा, आणि पहिला गूस फाटला तर माफी मागत बसू नका, दुसरा घ्या.