काकांचा ताण आणि पर्थचा हिवाळा

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलजवळ आमच्या काकांची संत्र्याची बाग आहे. अंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात झाडांना ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. यंदा ताण बसत आला अन् पाऊस आला. ताण तुटला, फुलांऐवजी नुसती कोवळी नवती फुटली. चार दिवसांनी वरून गारा.

नागपूरचा माझा चुलतभाऊ म्हणतो, हा सरळसरळ हवामानबदल आहे. काका चिडतात. "संक्रांतीच्या गारा आम्ही लहानपणापासून पाहतो रे. तेव्हा कुठं होता तुमचा हवामानबदल?" मग दोघंही मला विचारतात, कारण मी बाहेर राहतो.

मी पर्थला राहतो. इथे बहुतेक पाऊस हिवाळ्यात पडतो. इथला हिवाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि त्या महिन्यांत बागेतले स्प्रिंकलर बंद ठेवायचे, असा नियमच आहे. आभाळाचं पाणी तेव्हा बागेला पुरतं, म्हणून नळाचं वाचवायचं. पण तो पाऊसच आटलाय. ऑस्ट्रेलियाच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात मे ते जुलैचा पाऊस 1970 पासून सुमारे पाचव्या हिश्शाने घटला. धरणांत येणारं पाणी तर निम्म्याहूनही खाली गेलं, कारण कोरडी जमीन आधी स्वतःची तहान भागवते, उरलं तर ओढ्याला. पाऊस आणणाऱ्या ढगांच्या रांगा दक्षिणेकडे सरकल्या. थोडा भाग निसर्गाच्या चढउताराचा, थोडा हरितगृह वायूंचा, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. कोणाचा किती, यावर वाद होत राहिले. सरकारने मात्र तो वाद संपायची वाट पाहिली नाही. 1998 मध्ये हवामानाच्या अभ्यासाचा खास उपक्रम सुरू केला आणि 2006 मध्ये पर्थजवळच्या क्विनाना इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना चालू झाला. आज माझ्या घरच्या नळाला त्या पाण्याचाही वाटा आहे.

हे नागपूरला जसंच्या तसं लावता येत नाही, आणि हेच मला दोघांनाही सांगायचंय. पर्थचा हिवाळी पाऊस हाच मुख्य पाऊस, त्यामुळे त्याची उतरण पन्नास वर्षांच्या नोंदींत स्पष्ट दिसते. नागपूरचा मुख्य पाऊस पावसाळ्यातला. जानेवारी-फेब्रुवारीचा वाटा अगदी थोडा, तोही एखाद्या वर्षी शून्य आणि एखाद्या वर्षी धो-धो. पश्चिमेकडचा विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, आणि बंगालच्या उपसागराची वाफ विदर्भावर भेटली की गारा पडतात, पूर्वीही पडायच्या. इथपर्यंत काका बरोबर आहेत. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते, हे भौतिकशास्त्र आहे. पूर्वीही पडायच्या म्हणून काही बदललंच नाही, असं त्यावरून ठरत नाही. आणि यंदाच्या एका गारपिटीवरून भावाचं म्हणणंही सिद्ध होत नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या भांडणात शेतकऱ्याचा प्रश्न हरवतो. हंगामात एकूण किती मिलिमीटर पडला, याच्याशी संत्र्याच्या झाडाला फारसं देणंघेणं नाही. पाऊस कोणत्या आठवड्यात आला, किती दिवस टिकला, गारा होत्या की नव्हत्या, हे त्याच्यासाठी सगळं. त्या नोंदी गावागावांतून हव्यात, शहरातल्या एका वेधशाळेवर भागत नाही.

काकांकडे जुन्या वह्या आहेत. ताण कधी दिला, पाणी कधी सोडलं, मध्ये पाऊस कधी आला, सगळं तारीखवार. मागच्या रविवारी फोनवर म्हटलं, काका, त्या वह्यांचे फोटो काढून मला पाठवता? जरा वेळ गप्प राहिले.

"एकोणनव्वदची वाळवीनं खाल्ली," म्हणाले. "बाकीच्या धाडतो."