तीस इंचांच्या त्या नकाशाबद्दल

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या फोनवर दर हिवाळ्यात एकदा तरी हा निरोप येऊन धडकतो. वर जांभळ्या-गुलाबी रंगांनी भरलेला नकाशा आणि खाली मजकूर: 'दहा दिवसांनी ३० इंच बर्फ पक्का! अमेरिकन आणि युरोपियन दोन्ही मॉडेलं तेच दाखवतायत. वेदर सर्व्हिस मुद्दाम गप्प आहे. थंडी एवढी कडाक्याची आहे की बर्फ पडणारच. ऐतिहासिक ब्लिझर्ड!' एकेक दावा घेऊ.

आधी नकाशा. तो खोटा नसतो, आणि खरी अडचण तीच आहे. तो बहुतेक वेळा जीएफएस या अमेरिकन मॉडेलच्या, म्हणजे हवामानाचं गणित मांडणाऱ्या संगणक-प्रणालीच्या, एका रनमधून (एका वेळच्या गणितातून) आलेला असतो. हे मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि दर वेळी पुढच्या सोळा दिवसांचं हवामान काढतं. म्हणजे दहा दिवसांवरचं वादळ येईपर्यंत त्याचे चाळीसेक नकाशे निघतात. रात्री साडेदहाला जीएफएस आणि मग एकच्या सुमारास युरोपियन मॉडेल बघायला जागणारे आम्ही हौशी लोक ते सगळे बघतो. फिरतो मात्र त्यातला सर्वांत बर्फाळ. 'वादळ समुद्रात निघून गेलं' असं दाखवणारा नकाशा कोणी कशाला फॉरवर्ड करेल?

त्यात त्या इंचांचं गणितही ढोबळ असतं. असे बरेच नकाशे पाण्याच्या प्रत्येक इंचाला सरसकट दहा इंच बर्फ धरतात, आणि काही तर स्लीटही (बर्फाचे कडक बारीक दाणे) त्याच हिशोबात घालतात. किनाऱ्याजवळच्या वादळात जमिनीपासून दीडेक किलोमीटरवर उबदार हवेचा थर घुसला की वरून येणारा बर्फ वाटेत वितळतो आणि खाली पुन्हा गोठून स्लीट म्हणून पडतो. एक इंच पाण्यातून स्लीट साचतं ते जेमतेम दोन-तीन इंच. नकाशावर मात्र दहा.

दुसरा दावा दोन मॉडेलांच्या एकमताचा. दोन्ही मॉडेलांची सुरुवात बव्हंशी त्याच निरीक्षणांवरून होते: तेच उपग्रह, तेच हवामान फुगे, तीच विमानं. सुरुवातीला राहिलेली चूकही त्यामुळे दोघांची एकच असू शकते. म्हणून दहा दिवसांवर एकेका रनपेक्षा एन्सेम्बल, म्हणजे अनेक रनांचा संच, बघायचं. युरोपियन केंद्र सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून मॉडेल पन्नासहून जास्त वेळा चालवतं. इतक्या दूरवर त्यातली काही वादळं किनाऱ्याला चिकटून जातात, काही शेकडो किलोमीटर बाहेरून, आणि काहींत वादळच नसतं. त्यातल्या वीसांत जोरदार बर्फ दिसला तर प्रामाणिक वाक्य 'चाळीस टक्के शक्यता' एवढंच होतं. असलं वाक्य व्हायरल होत नाही.

आणि दहा दिवसांचं काय घेऊन बसलात, एक दिवस आधीही हे चुकतं. २६-२७ जानेवारी २०१५ ला न्यूयॉर्क शहरासाठी २० ते ३० इंचांचा अंदाज होता. सबवेसुद्धा बंद ठेवली. सेंट्रल पार्कमध्ये मोजला गेला ९.८ इंच. वादळ किंचित पूर्वेला सरकलं होतं, बस. तिथून शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या लाँग आयलंडवरच्या आयस्लिपमध्ये जवळपास २५ इंच पडला, बॉस्टनमध्ये २४.६. म्हणजे वादळाचा अंदाज बरोबर होता, फक्त त्याच्या पश्चिम कडेवर ऐंशी लाखांचं शहर होतं. त्या वेळी युरोपियन मॉडेल न्यूयॉर्कला भरघोस बर्फ देत होतं आणि जीएफएस बराच कमी. खरं ठरलं जीएफएस. 'युरो म्हणतंय म्हणजे झालं' असं म्हणणाऱ्यांनी ती रात्र आठवावी.

'वेदर सर्व्हिस (अमेरिकेचं सरकारी हवामान खातं) गप्प आहे' हा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो, कारण ती गप्प नसतेच. तिचं एक केंद्र चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंतच्या हिवाळी हवामानाची शक्यता टक्क्यांत रोज प्रसिद्ध करतं. विंटर स्टॉर्म वॉच, म्हणजे 'वादळाची शक्यता आहे, सावध राहा' ही सूचना, साधारण दोन दिवस आधी येतो, खात्री वाढली की वॉर्निंग, म्हणजे पक्का इशारा. दहाव्या दिवसाचे इंच ते सांगत नाहीत, कारण सांगण्याजोगे इंच तेव्हा कोणाकडेच नसतात. संकेत ठळक असला की तेच लोक लवकर बोलतात: मार्च १९९३ च्या महावादळाची सूचना त्यांनी पाचेक दिवस आधी दिली होती, तीही आजच्यापेक्षा कितीतरी दुबळ्या संगणकांवर. जानेवारी २०१६ चं वादळही कित्येक दिवस आधी दिसलं होतं. पण न्यूयॉर्कच्या वाट्याचे इंच शेवटपर्यंत वाढत गेले आणि सेंट्रल पार्कचा आकडा २७.५ वर, नव्या विक्रमावर, थांबला.

थंडीचा दावा पटकन संपवू. हवा जितकी गार, तितकी वाफ कमी मावते. एका अंश सेल्सिअसला साधारण सात टक्के. सर्वांत घसघशीत बर्फ शून्याच्या आसपास पडतो. कॅनडातून उतरलेली थंड हवा फारच जोरात रेटा देऊ लागली तर वादळ दक्षिणेकडून समुद्रातच निसटतं आणि उत्तरेकडे नुसती कोरडी थंडी उरते. हौशी मंडळी याच गोष्टीला सर्वांत जास्त घाबरतात.

राहता राहिलं 'ब्लिझर्ड'. अमेरिकी व्याख्येप्रमाणे ताशी ३५ मैल किंवा जास्त वेगाचा वारा वा वारंवार तसे झोत, बर्फामुळे पाव मैलाच्या आत आलेली दृश्यता, आणि हे किमान तीन तास. किती इंच पडला याचा व्याख्येत उल्लेखच नाही. आधी पडलेला बर्फ वाऱ्याने उधळला तर आकाशातून कणही न पडता ब्लिझर्ड होतं. उलट निरोपातले तीसच्या तीस इंच खरे ठरले आणि वारा पडलेला असला, तर ते ब्लिझर्ड नव्हे, फक्त खूप बर्फ.