हरहुन्नरी की हरकाम्या?

लेक ब्लूमिंग्टनला शिकते, म्हणून मागच्या ऑक्टोबरमध्ये महिनाभर तिच्याकडे राहून आले. इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमबाहेर एका खेळाडूचा पुतळा आहे. मी नाव वाचलं, जॉर्ज टालियाफेरो. लेक म्हणाली, “आई, लिहितात तसं, पण म्हणायचं टॉलिव्हर.” तेव्हापासून या माणसाबद्दल जमेल तेवढं वाचत आलेय, आणि जितकं वाचलं तितकी माझी खात्री होत गेली की याच्यावर अन्याय झालाय. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी खेळाबद्दल थोडं. अमेरिकन फुटबॉलमध्ये कामं वाटलेली असतात. क्वार्टरबॅक डाव आखतो आणि चेंडू फेकतो. कुणी चेंडू घेऊन पळतं, कुणी दूर जाऊन तो झेलतं, कुणी समोरच्याला झेलू देत नाही. लाथेने चेंडू लांब उडवणारा वेगळा, आणि आलेला चेंडू घेऊन उलट धावणारेही वेगळे. टॉलिव्हर यातल्या सात जागांवर व्यावसायिक फुटबॉल खेळला. सात! तेही नेमक्या त्या वर्षांत, जेव्हा खेळ उलट्या दिशेला चालला होता. पूर्वी तेच अकरा जण चढाई आणि बचाव दोन्ही करत. १९५० पासून हवे तितके खेळाडू बदलायची कायमची मुभा मिळाली आणि एकेका कामाचे तज्ज्ञ तयार होऊ लागले. सगळे एका जागेचे होत असताना हा मात्र सगळीकडे होता.

जन्म १९२७ चा, टेनेसीतला. वाढला इंडियानातल्या गॅरीत, पोलाद कारखान्यांच्या गावात. १९४५ साली ब्लूमिंग्टनला आला आणि पहिल्याच वर्षी ७१९ यार्ड धावला. त्या मोसमात इंडियानाचा संघ एकदाही हरला नाही आणि विद्यापीठाने पहिल्यांदाच बिग टेन, म्हणजे त्या भागातल्या विद्यापीठांची स्पर्धा, जिंकली. पण हा काळा मुलगा विद्यापीठाच्या वसतिगृहात राहू शकत नव्हता. वैतागून त्याने घरी फोन केला, मला परत यायचंय म्हणून. तिथे जाण्यामागे फुटबॉलखेरीज दुसरंही कारण असेल ना, असं काहीसं वडिलांनी विचारलं आणि फोन ठेवून दिला. आईवडील त्याला रोज दोनच गोष्टी सांगायचे: आमचं तुझ्यावर प्रेम आहे, आणि तू शिकलाच पाहिजेस. हे वाचताना मला माझे वडील आठवले. आमच्या घरात पहिल्या वाक्याचा उच्चार कधी झाला नाही, दुसरं मात्र रोज ऐकलं.

गावात ‘द गेबल्स’ नावाचं खानावळवजा हॉटेल होतं. तिथल्या भिंतीवर विजेत्या संघाचा फोटो, फोटोत टॉलिव्हर, आणि टॉलिव्हरला आत जेवायला बंदी! विद्यापीठाचे अध्यक्ष हर्मन वेल्स यांनी मालकाला ठणकावलं की याला वाढणार नसाल तर माझा एकही विद्यार्थी तुमच्याकडे येणार नाही. तेव्हा कुठे दार उघडलं. प्रिन्सेस थिएटरमध्ये काळ्यांच्या जागा वेगळ्या दाखवणारी पाटी होती. तिचे स्क्रू टॉलिव्हरने स्वतःच्या हाताने काढले.

व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजमधले खेळाडू पाळीपाळीने, फेऱ्या करून निवडतात. १९४९ च्या निवडीत शिकागो बेअर्सने तेराव्या फेरीत त्याचं नाव घेतलं. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या, संघाने अशा निवडीतून घेतलेला हा पहिला काळा खेळाडू. बारा वर्षं, १९३४ ते १९४५, त्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता, हे लक्षात घ्या म्हणजे या तेराव्या फेरीचं वजन कळेल. बेअर्स हा त्याच्या लहानपणीचा लाडका संघ. पण प्रतिस्पर्धी लीगमधल्या लॉस एंजेलिस डॉन्सशी तो आधीच करार करून बसला होता. त्याने दिलेला शब्द पाळला.

पुढे त्याच्या वाट्याला आले ते बुडते संघ. न्यूयॉर्क यांक्स संपला. १९५२ चा डॅलस टेक्सन्स मोसमाच्या मध्यातच दिवाळखोरीत निघाला, लीगने तो चालवायला घेतला. पुढच्या वर्षी खेळाडू बाल्टिमोर कोल्ट्सकडे गेले. शेवटचं वर्ष, १९५५, फिलाडेल्फिया ईगल्सकडे. अशा संघांत खेळूनही १९५१, १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ तीन वर्षं त्याची प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड झाली.

आता माझं म्हणणं. मराठीत दोन शब्द आहेत, हरहुन्नरी आणि हरकाम्या. पहिल्याला आपण मान देतो, दुसऱ्याला हाक मारतो. टॉलिव्हर पहिला होता. त्याला वापरलं गेलं दुसऱ्यासारखं. जिथे भोक पडेल तिथे त्याला उभं करायचं. १९५३ मध्ये कोल्ट्सच्या क्वार्टरबॅकना दुखापती झाल्या तेव्हा तो त्या जागेवरही खेळला. पण ती जागा त्याची आहे असं कुणी म्हटलं नाही. क्वार्टरबॅकला डोकं लागतं, आणि ते काळ्या माणसाकडे नसतं, असं उघडपणे मानलं जायचं. आधुनिक काळात काळा क्वार्टरबॅक सामन्याच्या सुरुवातीपासून खेळवल्याचं पहिलं उदाहरण म्हणून डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्कोचं नाव घेतात. ते १९६८ साल. मग पंधरा वर्षं आधीच्या टॉलिव्हरला काय म्हणायचं? अडीअडचणीला चालला तो?

ओहायोतल्या कॅन्टन गावी प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम आहे, व्यावसायिक खेळातल्या थोरांचं मानाचं दालन. त्यात तो नाही. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमने १९८१ मध्येच त्याला घेतलं. कॅन्टनच्या बाजूने बोलणारे म्हणतात, सातच मोसम खेळला, कुठल्याही एका रकान्यात आकडा मोठा नाही. खरंय. पण रकाने पाडलेत एका जागेच्या खेळाडूंसाठी. ज्याचं काम सात रकान्यांत विखुरलंय, त्याच्यापुढे एकेक रकाना धरायचा आणि ‘यात कमी पडतोस’ म्हणायचं, हे मला पटत नाही. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, हा हिशेब तिच्या ओळखीचा आहे.

खेळ सुटल्यावर त्याने हॉवर्ड विद्यापीठातून समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९७२ मध्ये ब्लूमिंग्टनलाच परत आला, विद्यापीठाच्या अध्यक्षांचा विशेष सहायक म्हणून. त्याची पत्नी व्हायोला पुढे तिथेच न्यायाधीश झाली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला, ९१ वर्षांचा होऊन.

एक सामना मात्र सांगायलाच हवा. टॉलिव्हरच्या डॅलस टेक्सन्सनी १९५२ च्या मोसमात बारापैकी अकरा सामने गमावले. जिंकला तो एकच, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, २७–२३. बघायला जेमतेम तीन हजार माणसं. खेळ सुरू होण्याआधी प्रशिक्षक म्हणाला म्हणे, नावं पुकारत बसण्यापेक्षा वर प्रेक्षकांत जाऊन प्रत्येकाशी हात मिळवून या. समोरचा संघ होता शिकागो बेअर्स. मैदान होतं ओहायोतल्या ॲक्रनचं. तिथून कॅन्टन अर्ध्या तासावर आहे.