‘वर्षभरात कार्पेटला लाटा’ या तक्रारीला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार मॅडम,

‘वर्षभरात कार्पेटला लाटा आल्या, माल डुप्लिकेट, फोन केला तर म्हणे पावसाळा संपला की आपोआप बसेल’ असं तुम्ही लिहिलंय. ते उत्तर आमच्याच माणसाने दिलं आणि ते चुकीचं होतं. हवा कोरडी झाली की लाटा थोड्या उतरतात, पण सैल पडलेलं कार्पेट स्वतःहून ताठ होत नाही.

तुमचे फोटो मोठे करून पाहिले. तिन्ही लाटा खिडकीला समांतर आहेत, म्हणजे खोलीच्या लांबीत ताण कमी पडलाय. कार्पेट बसवताना साधारण एक ते दीड टक्का ताणावं लागतं. तुमच्या 18 फुटी हॉलमध्ये निदान दोन इंच कापड ताणून, भिंतीशी कापून टाकायला हवं होतं. ते राहिलं, तेच आता लाटा होऊन वर आलंय. एवढ्या लांबीला पॉवर स्ट्रेचर (समोरच्या भिंतीला टेकवून तरफेने कार्पेट ताणायचं अवजार) लावावा लागतो. आमच्या कारागिरांनी गुडघ्याने ठोकायच्या किकरवरच काम उरकलं, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलं. पावसाळ्यातली दमट हवा, रंगकामाला ओढत नेलेलं कपाट (हे तुम्हीच लिहिलंय) यांनी भर घातली, पण नीट ताणलेल्या कार्पेटने एवढं सोसलं असतं.

राहिला माल. पाठीचे दोन थर सुटले असतील तर दोष कापडाचाच, मग कितीही ताणलं तरी उपयोग नाही. म्हणून एक कोपरा उचलून मी स्वतः बघणार आहे. तसं निघालं तर कार्पेट बदलून देऊ. नाहीतर पुन्हा ताणून, जास्तीचं कापून, भिंतीकडेच्या ग्रिपर पट्टीच्या (कार्पेट धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या) खिळ्यांत बसवून देऊ. दोन्हींचा खर्च आमचा.

आम्ही येईपर्यंत लाटेवर वजन ठेवू नका, इस्त्री तर मुळीच नको, आणि शेजारच्यांनी सुचवलेले खिळेही मारू नका. लाटेवरून चालून घडी पडली की तिची खूण जात नाही, शिवाय सासूबाईंचा पाय अडकायची भीती आहेच. शॅम्पू आता करू नका. पुढे करायचा झाला तर कमी पाण्यात, पंखा लावून त्याच दिवशी वाळवा. सोफा सरकवायचा असेल तर दोघांनी उचला.

शनिवारी सकाळी जमेल का? हॉल तेवढा रिकामा लागेल, सामान आमची मुलं हलवतील.