कढीपत्ता सध्या विकत आणते आहे

आज सकाळी पावणेसातला चहा घेऊन गॅलरीत गेले, तर कोष फुटलेला. रिकाम्या कोषाला धरून फुलपाखरू लटकलं होतं. पंख ओले, पिळून ठेवलेल्या कापडासारखे. आईला हाक मारली. आम्ही दोघी खुर्च्या ओढून बसलो. पंधरा-वीस मिनिटांत पंख पूर्ण ताणले गेले, मग ते तसंच वाळत राहिलं. चहा गार झाला, भाजी चिरायची राहिली. साडेआठच्या सुमाराला ते एकदा थरथरलं आणि समोरच्या इमारतीच्या गुलमोहराकडे निघून गेलं. आईने हात जोडले.

याला इंग्रजीत कॉमन मॉर्मन आणि मराठीत बहुरूपी म्हणतात. याच्या काही माद्या पक्षी ज्यांना तोंड लावत नाहीत अशा दुसऱ्याच फुलपाखरांसारख्या दिसतात, म्हणून बहुरूपी हे नाव. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, त्याच कुळातलं. हे सगळं मला तीन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. तेव्हा माझ्या लेखी ती फक्त कढीपत्ता खाणारी अळी होती आणि मी तिला चिमट्याने उचलून खाली टाकत होते.

झाड मी हौसेनं लावलं होतं. छातीएवढं वाढलं. फोडणीला घरचा कढीपत्ता, याचा मला फार अभिमान होता. एका श्रावणात बघता बघता शेंडे बोडके झाले. निंबोळी अर्क फवारला, पानं उलटीपालटी करून बघितली, रोज सकाळी कामावर जायच्या आधी दहा मिनिटं अळ्या वेचल्या. तेव्हा मी घरातलं सगळंच असं वेचून, निवडून, माझ्या हिशोबात बसवत होते. कोण किती वाजता जेवणार, टॉवेल कुठे वाळणार, मुलीनं कुठली नोकरी धरावी. त्याला मी काळजी म्हणायचे. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरात मनासारखं काय झालं नाही, तेवढंच आठवायचं.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. ती यवतमाळची, कढीपत्त्याला अजून गोडलिंबच म्हणते. मला अळ्या वेचताना बघून म्हणाली, "खाऊ दे ना वं. पानं काय, पुन्हा येतीन." मी ऐकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने एक अळी मला टाकू दिली नाही. माझा हात धरला. तिचा हात कंपवाताने थरथरतो, त्या हाताला झटकून टाकणं मला जमलं नाही.

मग मी बघायला लागले. मादी येते, पुढच्या पायांनी पानावर टकटक करून ते आपल्या कामाचं आहे का हे तपासते आणि खसखशीच्या दाण्याएवढं एकेक अंडं घालते. सुरुवातीला अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. चौथ्यांदा कात टाकली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मला इतका आनंद झाला होता ते पहिल्यांदा बघून की ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले.

आणि आनंद झाल्याबरोबर मी पुन्हा ताबा घेतला. बुलबुल अळ्या उचलायला लागला, म्हणून झाडाभोवती मच्छरदाणीचं कापड शिवून लावलं. बुलबुल थांबला. पण अंडी घालायला आलेली मादीही बाहेरच फडफडत राहिली. आत ज्या होत्या त्यांतल्या तिघींचे कोष झाले. मी रोज बघत होते. एक कोष तपकिरी पडत गेला आणि एका दुपारी त्याला टाचणीने टोचावं तसं भोक पडून त्यातून बारीक गांधीलमाश्या निघायला लागल्या, एकामागून एक, कितीतरी. अळीने कात टाकून कोष नुकताच झालेला, अजून मऊ असतो, तेव्हा त्या माशीने येऊन त्यात अंडी घातलेली असतात. माझ्या जाळीच्या छिद्रातून ती सहज आत गेली होती. मी रडले त्या दिवशी. खरंच रडले.

संध्याकाळी जाळी काढून टाकली. हरल्यासारखं वाटायला हवं होतं, पण खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्या वर्षी अकरा अळ्या मोजल्या होत्या, उडालं एक. ते एक मी बघितलंसुद्धा नाही, घरी आले तेव्हा रिकामा कोष होता. त्यानंतर मोजणं बंद केलं. झाडाला पाणी घालते, शेणखत घालते, पाऊस संपला की छाटते. माझं काम तेवढं. कोण जगेल ते माझ्याकडे नाही.

झाडावर जे जमलं ते घरात जमायला जास्त वेळ लागला. आईला मटार सोलायला आवडतात. हात थरथरतो, अर्धे दाणे फरशीवर जातात, किलोभर मटारला अख्खी दुपार लागते. पूर्वी मी ताट तिच्या पुढ्यातून उचलायचे, "दे, मी करते पटकन." तिचा चेहरा उतरायचा, तो मी कधी पाहिलाच नव्हता. गेल्या हिवाळ्यात शेजारी बसले फक्त. ती सांगत होती, कापसाच्या दिवसांत घरातली एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असायची आणि पोरं वरून त्यात उड्या मारायची, केसांत, नाकात कापूस. पंचावन्न वर्षांची झाले, मला हे माहीत नव्हतं. दर वेळी मी ताट उचलून न्यायचे ना!

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे. "आहे ते स्वीकार" हे वाक्य आपल्याकडे बायकांना फार सोयीनं ऐकवलं जातं. मार खाणाऱ्या मुलीला, पगार बुडवलेल्या कामगाराला कुणी स्वीकार शिकवत असेल तर तो अन्याय आहे. ते सोसणं आहे. जिथे हात उचलायला हवा, तिथे उचलायलाच हवा. मी बोलते आहे ते बुलबुलाविषयी, गांधीलमाशीविषयी, आईच्या थरथरत्या हाताविषयी, नागपूरला एकटी राहून स्वतःच्या मनासारखं काम करणाऱ्या माझ्या मुलीविषयी. यातलं काहीच कुणाचं चुकलेलं नाही. तरी मी वर्षानुवर्षं ते दुरुस्त करायला धावत होते.

मुलीला पूर्वी रात्री नऊला फोन करायचे आणि एकेक प्रश्न विचारायचे. आता तीच करते, कधी दोन दिवसांनी, आणि भरभरून बोलते.

हे लिहिताना गॅलरीत नव्या पालवीवर एक मादी घिरट्या घालते आहे. शेंडे परत बोडके होणार. आई आतून विचारते आहे की बाजारात कधी जाणार, आज कढी करायची आहे, तर गोडलिंब जरा जास्त आण.