वडिलांची सही

आज दुपारी पुण्याहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. माझी मुलगी त्यांचा फ्लॅट भाड्याने घेऊ पाहते आहे. ‘मुलगी चांगली वाटली, पण करारावर वडिलांची सही असली म्हणजे आम्ही निर्धास्त,’ असे ते अतिशय गोड आवाजात म्हणाले. माझी मुलगी २७ वर्षांची आहे, चार्टर्ड अकाउंटंट आहे. तिच्या सहीने कंपन्यांचे ताळेबंद प्रमाणित होतात आणि तिच्या दोन खोल्यांसाठी मात्र अशा निवृत्त बापाची सही हवी, ज्याचे निवृत्तिवेतन तिच्या पगाराच्या निम्मेही नाही!

तेव्हापासून मला आजी आठवते आहे. तिचे लग्न १९३६ साली झाले तेव्हा ती १४ वर्षांची होती. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींसाठी घातलेली मर्यादा तिने जेमतेम गाठली होती. त्या काळी न्हाण आले की मुलगी मोठी, आणि मिसरूड फुटून मुलगा बापाच्या हाताशी आला की तो मोठा. जन्माचा दाखला कोण विचारतो? सोळाव्या वर्षी कोठीच्या खोलीची किल्ली आजीच्या कमरेला आली आणि चौदा माणसांचे वर्षाचे धान्य तिच्या अंदाजावर चालू लागले. मात्र दोन दिवस माहेरी जायचे तरी सासऱ्यांचा होकार लागे. त्यामुळे ‘पूर्वीची माणसे किती लवकर जबाबदार होत’ असे उसासे टाकणाऱ्या माझ्या मित्रांनी कृपया आवरते घ्यावे.

कायदा निदान पुढे तरी सरकला. मुलीच्या लग्नाचे वय १९७८ मध्ये १८ झाले, मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आले. जपानने तर २०२२ मध्ये सज्ञानतेचे वय २० वरून १८ केले आणि दारू-सिगारेटसाठी २० च ठेवले, म्हणजे हे आकडे सगळीकडे सोयीनेच ठरतात. पण घरमालकाच्या कायद्यात मुलगी सज्ञान होते ती लग्नाच्या दिवशीच. तिची दोन वर्षांनी लहान मैत्रीण नवऱ्याबरोबर घर बघायला गेली, तेव्हा कोणाच्याही वडिलांना फोन गेला नाही. लोकसभेसाठी दोनदा मत देऊन झालेल्या माझ्या मुलीचा शब्द तिच्या स्वतःच्या भाड्यापुरताही चालू नये?

अविवाहित मुलग्यांनाही घर मिळत नाही, हे मान्य. पण त्यांना नकार तरी त्यांच्या तोंडावर मिळतो.

इथपर्यंत लिहिले आणि हात थांबला, कारण त्या गृहस्थांना मी काय उत्तर दिले ते अजून सांगितलेले नाही. ‘आमची मुलगी सज्ञान आहे, तिच्याशीच बोला’ असे मी म्हणालो नाही. ‘हो हो, शनिवारी येतो,’ असे म्हणालो, वर भाडे पाचशे रुपयांनी कमी करता येईल का, हेही विचारले. तिला न विचारता. आणि खरे सांगतो, अजून आपली गरज आहे म्हणून मला त्या क्षणी बरे वाटले. आजीच्या सासऱ्यांनाही होकार देताना असेच बरे वाटत असेल.

संध्याकाळी तिला सांगितले, तेव्हा ती रागावली नाही. ‘बाबा, तुम्ही येऊ नका, मी दुसरे घर बघते,’ एवढेच म्हणाली.

शनिवारच्या गाडीचे तिकीट मी अजून रद्द केलेले नाही.