पाटणचा रथ, मढीची यात्रा

पाथर्डी तालुक्यातल्या (जि. अहिल्यानगर) मढीच्या कानिफनाथ यात्रेत मुस्लिम व्यापारी गावाचं व्रत पाळत नाहीत, म्हणून त्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत, असा ठराव फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं केला. प्रशासनानं तो मान्य केला नाही, पण वाद मिटला नाही. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होळी जवळ आली की तो पुन्हा पेटतो. माझं आजोळ त्याच तालुक्यातलं आणि मी राहते नेपाळात, काठमांडूशेजारच्या पाटणला. माझ्या मते तो ठराव चुकीचा होता, आणि तो नेमका कुठे चुकला हे इथली जत्रा पाहताना मला अधिक स्पष्ट दिसलं.

पाटणची मोठी जत्रा रातो मच्छिंद्रनाथाची. नवनाथांतला आपला मच्छिंद्र इथं पावसाचा देव आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी जी गुरुपरंपरा येते, आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, तिच्यातलं एक नाव रोज सकाळी शेजारच्या गल्लीत ऐकू येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. गोरखनाथ नागांवर आसन घालून बसला, बारा वर्षं पाऊस पडला नाही, म्हणून त्याच्या गुरूला कामरूपाहून, म्हणजे आसामातून, आणलं, अशी इथली कथा आहे. आणायला गेले तिघं: राजा नरेंद्रदेव, बौद्ध तांत्रिक बंधुदत्त आणि एक शेतकरी. वैशाखात, भाताच्या लावणीआधी, रथ निघतो. हिंदू त्याला मच्छिंद्रनाथ म्हणून हात जोडतात, बौद्ध करुणामय लोकेश्वर म्हणून. मूर्तीची पूजा मात्र पानेजूंकडे, म्हणजे बौद्ध पुजाऱ्यांकडे.

रथ पाटणच्या पुल्चोक भागात उभा राहतो. साठेक फूट उंच शिखर, खिळ्यांऐवजी वेत आणि दोर यांनी बांधलेलं. लाकूडकाम बाराहींचं, वेताचं आणि दोराचं काम यांगवालांचं, हे पिढीजात कारागीर. चाकांशी वाकून चालणारे असतात ते घाखू. आपल्या जळगावच्या रथाला मोगरी लावतात, तसा लाकडी ठोकळा ऐन वेळी चाकाखाली सरकवून ते रथ आवरतात आणि वळवतात. एका हाताचं चुकलं तर चाकाखाली माणूस सापडेल, म्हणून दोर ओढणारे शेकडो लोक त्यांच्या इशाऱ्याकडे डोळे लावून असतात. एका टप्प्यावर रथ फक्त बायका ओढतात. तेव्हा मीही दोराला हात लावला आहे. माझ्या पुढे एक ज्यापू, म्हणजे इथल्या शेतकरी जातीच्या, आजी होत्या, मागे तामाङ जमातीच्या मुली. तू कुठली, कोण, असं कुणी विचारलं नाही. "जोरानं ओढ" एवढंच सांगितलं.

आपल्याकडे हे नाही असं मुळीच नाही. मढीत होळीचा मान गोपाळ समाजाचा, काठीचा मान कैकाडी समाजाचा. कानिफनाथांना शाह रमजान माही सवार म्हणून मानणारेही पिढ्यान् पिढ्या त्याच गडावर येत आले. जळगावचा रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो. 2023 मध्ये ईद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढली. या गोष्टी कुणी वरून शिकवलेल्या नाहीत. यात्रेत प्रत्येकाला काही काम नेमून दिलेलं असतं आणि त्या कामामुळे तो तिथला होतो. ठरावानं ही वीणच उसवली. माणूस यात्रेत काय करतो हे बाजूला पडलं आणि तो कोण आहे तेवढंच उरलं.

मामांचं म्हणणं मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. "तुला तिकडं बसून बोलायला काय जातं? महिनाभर आम्ही तळण करत नाही, बाजेवर झोपत नाही, लग्नकार्य धरत नाही. दुकानवाल्यांनी का पाळू नये?" पाळावं की! मग नियम पाळण्याबद्दल करा. यात्रेच्या काळात गावात कढई चढणार नाही, आणि चढवली तर जागा रद्द, असं लिहा आणि ते नगरच्या हलवायालाही लावा. गावाचं व्रत जपायचं तर तो सरळ रस्ता होता. तो सोडून धर्माचं नाव घातलं, तिथं व्रताची बाजू संपली.

पाटणला सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं चित्र मी उभं करणार नाही. या जत्रा सांभाळणाऱ्या गुठ्यांचं, म्हणजे पारंपरिक मंडळांचं, सदस्यत्व बहुतेक जन्मानं मिळतं, घरातल्या पुरुषाकडेच जातं, आणि दलितांच्या वाट्याला मानापेक्षा अपमानच जास्त आलेला आहे. कामं वाटून देणारी व्यवस्था जातीची कुंपणंही घालते. ती कुंपणं इथंही मोडायला हवीत आणि मढीतही. पण सरकारनं हात घातला की इथले लोक एक होतात. 2019 मध्ये गुठ्यांच्या जमिनी आणि कारभार सरकारी प्राधिकरणाकडे नेणारं विधेयक आलं, तेव्हा काठमांडूच्या माइतीघरला एवढी गर्दी लोटली की ते मागं घ्यावं लागलं. सप्टेंबर 2020 मध्ये कोरोनाच्या बंदीत रथ ओढण्यावरून पुल्चोकला पोलिसांशी झटापट झाली. त्या वेळी गर्दी करणं मला पटलं नव्हतं, पण रथ जागीच उभा राहिलेला पाहून शेजारणी का रडत होत्या हे कळत होतं.

जत्रेच्या शेवटी, जावलाखेलला, रथावरून एक रत्नजडित बंडी चारी दिशांना दाखवतात. नागराजाच्या राणीचा डोळा बरा केला म्हणून एका शेतकऱ्याला ती मिळाली, ती चोरीला गेली, मग जत्रेत चोराच्या अंगावर दिसली आणि भांडण लागलं. पुरावा कुणाकडेच नव्हता, म्हणून बंडी देवाकडे ठेवली. दरवर्षी ती दाखवायची, खरा मालक पुराव्यानिशी येईपर्यंत. पूर्वी राजा समोर उभा असायचा, आता राष्ट्रपती असतात. देव कुणाचा, गड कुणाचा, या आपल्या भांडणांना मला हीच रीत लावावीशी वाटते. दावा असेल तर तो जरूर सांगा, पण तोवर वस्तू देवाकडे राहू द्या आणि जत्रा सगळ्यांची.

दर बारा वर्षांनी हा रथ पाटणजवळच्या बुंगमती गावाहून थेट ओढत पाटणला आणतात. 2015 ची खेप भूकंपात अडकली, बुंगमतीचं देऊळच कोसळलं. पुढची 2027 मध्ये आहे. मामांना मी आत्ताच सांगून ठेवलं आहे, आणि मढीच्या मानकऱ्यांपैकी कुणाला यायचं असेल तर माझं घर मोकळं आहे. मुहूर्त इथले ज्योतिषी काढतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी मला विचारा.